ग्रामीण रस्ता बंद असताना पर्यायी मार्ग कसा शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावांना जोडणारा एखादा रस्ता दरड कोसळल्याने, पूल खचल्याने किंवा दुरुस्तीसाठी बंद होतो, तेव्हा रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपासून ते पहिल्यांदाच त्या भागात आलेल्या प्रवाशांपर्यंत सर्वांना साधारण तेच प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती प्रामुख्याने मोटार चालवणाऱ्यांसाठी आहेत. जड वाहनांचा विचार जेथे वेगळा करावा लागतो, तेथे तसे नमूद केले आहे.

एकच रस्ता बंद झाला तरी वळसा इतका मोठा का पडतो?

शहरात रस्त्यांचे जाळे दाट असते, त्यामुळे एक रस्ता बंद झाला तरी शेजारचा समांतर रस्ता बहुधा मिळतो. ग्रामीण भागात रस्ते विरळ असतात आणि त्यांची दिशा नद्या, डोंगररांगा, धरणांचे जलाशय व लोहमार्ग यांनी ठरवलेली असते. नदीच्या दोन्ही काठांवर कितीही रस्ते असले, तरी नदी ओलांडता येते ती पूल असलेल्या मोजक्याच ठिकाणी. डोंगररांगेच्या बाबतीत हेच काम खिंडी आणि घाट करतात. त्यामुळे बंद झालेल्या रस्त्यावर पूल किंवा घाट असेल, तर वळशाची लांबी पुढचा पूल किंवा पुढचा घाट किती दूर आहे यावर ठरते. याउलट बंद झालेला तुकडा सपाट माळावरचा असेल आणि त्यात काही ओलांडायचे नसेल, तर दोन-तीन किलोमीटरच्या वळशातही काम भागते.

मग शोधाची सुरुवात कोठून करावी?

बहुतेक जण बंद रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून जवळची वाट शोधू लागतात आणि नेमके तेथेच चुकतात. प्रथम हे ठरवावे की आपल्याला कोणता नैसर्गिक किंवा मानवनिर्मित अडथळा ओलांडून पलीकडे जायचे आहे. नकाशावर आपले ठिकाण आणि गंतव्यस्थान यांच्यामधून जाणारी नदी, डोंगररांग किंवा लोहमार्ग बोटाने वरपासून खालपर्यंत तपासावा आणि तो ओलांडणारे सर्व पूल, खिंडी, फाटके व भुयारी मार्ग टिपून घ्यावेत. त्यांतला आपल्या वाहनाला सोयीचा एक निवडावा आणि मग तेथपर्यंत पोहोचणारा व तेथून पुढे नेणारा रस्ता शोधावा. ओलांडण्याची जागा आधी आणि रस्ता नंतर, हा क्रम पाळला की आतून जाणाऱ्या, पण शेवटी नदीकाठी संपणाऱ्या वाटांमध्ये अडकण्याचा धोका जवळजवळ राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, पर्यायी मार्ग निवडण्याची योग्य जागा ही बंद ठिकाणाआधीचा शेवटचा मोठा फाटा असते आणि बऱ्याचदा तो अनेक किलोमीटर मागे राहिलेला असतो. घरून निघण्यापूर्वीच रस्ता बंद असल्याचे ठाऊक असेल, तर वळसा त्या फाट्यापासून न मोजता थेट घरापासून गंतव्यस्थानापर्यंतचा वेगळाच मार्ग आखून पाहावा; अनेकदा तो मार्ग बंद रस्त्याच्या आसपासही फिरकत नाही आणि तरीही लवकर पोहोचवतो.

'पुढे रस्ता बंद' असा फलक आहे, पण रस्ता मोकळा दिसतो. पुढे जाऊन पाहावे का?

फलकावर अंतर किंवा गावाचे नाव दिले असेल आणि आपले ठिकाण त्या आधी येत असेल, तर बहुधा जाता येते. 'केवळ स्थानिक वाहतुकीसाठी खुला' अशी सूचना असते ती याच कारणासाठी. आपल्याला पलीकडे जायचे असेल तर मात्र पुढे जाऊ नये. अरुंद रस्त्यावर बंद जागेपाशी गाडी वळवायला जागा नसते, मागून आणखी वाहने आलेली असतात आणि सर्वांनाच उलटे चालवत मागे यावे लागते. शिवाय दरड किंवा खचलेला भराव वरून स्थिर दिसला तरी तो पुन्हा सरकू शकतो. आडवे लावलेले अडथळे बाजूला सारून जाणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये, मग वाहन दुचाकी असो की चारचाकी.

रस्ता बंद असूनही मोबाइलमधील नकाशा तोच मार्ग का दाखवतो?

मार्ग सुचवणारी सर्व अ‍ॅप्स रस्त्यांचे जाळे हे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या स्वरूपात साठवतात. प्रत्येक रेषेला प्रवासाच्या वेळेइतके मूल्य दिलेले असते आणि सर्वांत कमी बेरजेचा मार्ग गणिताने काढला जातो. या गणिताचा पाया डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आहे. एखादी रेषा 'बंद' म्हणून नोंदली गेली नसेल, तर गणिताच्या दृष्टीने ती खुलीच असते.

वर्दळीच्या रस्त्यावर ही नोंद लवकर होते, कारण तेथून जाणारे शेकडो फोन अचानक थांबतात किंवा वळतात आणि काही वापरकर्ते स्वतःहूनही कळवतात. ग्रामीण रस्त्यावरून तासाला चार-पाचच वाहने जात असतील, तर त्या रस्त्यावर कोणीच नसणे ही नेहमीचीच गोष्ट असते आणि बंद रस्ता व निर्जन रस्ता यांतला फरक अ‍ॅपला कळत नाही. म्हणून ग्रामीण भागात 'अ‍ॅपने काही सांगितले नाही' याचा अर्थ रस्ता सुरू आहे असा कधीही घेऊ नये. रस्त्याची देखभाल करणाऱ्या खात्याची किंवा स्थानिक प्रशासनाची सूचना, पोलिसांची वाहतूकविषयक माहिती आणि त्या भागातील लोकांचे म्हणणे या तिन्ही गोष्टी येथे अ‍ॅपपेक्षा अधिक भरवशाच्या आहेत.

दुसऱ्या रस्त्याला लागल्यावरही अ‍ॅप सारखे मागे फिरायला सांगते. काय करावे?

अ‍ॅपला बंद तुकडा अजून खुलाच वाटत असतो, म्हणून ते आपल्याला पुन्हा पुन्हा त्याच तुकड्याकडे ओढते. यावर उपाय म्हणजे मधला थांबा जोडणे. आपण निवडलेल्या पुलाच्या किंवा खिंडीच्या थोडे पलीकडे, मुख्य रस्त्यावरच, एक बिंदू निवडून तो पहिला थांबा ठेवावा आणि गंतव्यस्थान त्यानंतर ठेवावे. बिंदू अलीकडे ठेवल्यास तेथे पोहोचताच अ‍ॅप पुन्हा मागे वळवू शकते, म्हणून तो पलीकडेच असावा. बिंदू चुकून आतल्या गल्लीत किंवा रस्त्यालगतच्या शेतात पडला तर अ‍ॅप विनाकारण आडवाटेला नेते. त्यामुळे नकाशा पुरेसा मोठा करून बिंदू रस्त्याच्या रेषेवरच ठेवल्याची खात्री करावी.

गूगल मॅप्स आणि वेझ या दोन्हींमध्ये रस्ता बंद असल्याचे कळवण्याची सोय आहे. गाडी सुरक्षित जागी थांबवून ती नोंद अवश्य करावी. जेथे दिवसभरात मोजकीच वाहने जातात, तेथे एका माणसाच्या नोंदीचे मोल फार मोठे असते.

मोबाइलला नेटवर्क नसेल तर?

आपले स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून ठरते आणि त्यासाठी मोबाइल नेटवर्क लागत नाही. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोनला स्थान समजते. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवण्यासाठी आणि ताज्या वाहतुकीच्या माहितीसाठी. म्हणून निघण्यापूर्वी संपूर्ण परिसराचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि तो निवडताना नेहमीच्या मार्गाभोवतीची अरुंद पट्टी न घेता वळसा जेथून जाऊ शकेल तो सगळा भाग घ्यावा. नेटवर्क नसताना फोनला पहिल्यांदा स्थान सापडायला कधी कधी काही मिनिटे लागतात. अशा वेळी मोकळ्या आकाशाखाली थांबावे, दाट झाडीत किंवा दरीच्या तळाशी थांबू नये.

याच्या जोडीला मार्गावरील गावांची व फाट्यांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून घ्यावीत. फोनची बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो, आणि वाटेत कोणाला विचारायचे झाल्यास गावाचे नाव घेऊन विचारता येते.

नकाशावर दिसणारी बारीक रेघ गाडी जाण्यासारखी आहे हे कसे ओळखावे?

सर्वांत जास्त काळजीपूर्वक उत्तर द्यावे असा हा प्रश्न आहे, कारण पर्यायी मार्गावर अडकून पडण्याचे प्रकार बहुतांशी अशा रेघेवर विश्वास ठेवल्यानेच घडतात.

नकाशात डांबरी रस्ता, खडीचा रस्ता आणि शेतात जाणारी गाडीवाट यांतला फरक नेहमीच दाखवलेला नसतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि स्वयंसेवकांनी तयार केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशात अशा गाडीवाटांना पक्केपणानुसार १ ते ५ अशी श्रेणी देण्याची सोय आहे. श्रेणी १ म्हणजे बहुधा पक्का पृष्ठभाग आणि श्रेणी ५ म्हणजे नुसती मऊ माती. ही नोंद असेल तेथे फार उपयोगी पडते, मात्र ती प्रत्येक वाटेला केलेली नसते.

उपग्रह छायाचित्रात पाहताना रस्त्याचा रंग व रुंदी सलग आहे का, हे तपासावे. मधेच रेघ पुसट होत असेल, झाडीखाली नाहीशी होत असेल किंवा ओढ्याच्या दोन्ही बाजूंना दिसून मधे पूल दिसत नसेल, तर तो रस्ता सोडून द्यावा. छायाचित्र काही वर्षांपूर्वीचे आणि कोरड्या ऋतूतले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. मार्गाची रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे उपलब्ध असतील, तर ज्या फाट्यापासून पुढे ती बंद होतात तेथे विशेष सावध राहावे. छायाचित्रे घेणारी गाडी तेथून आत गेली नाही, याला काहीतरी कारण असू शकते.

प्रत्यक्ष फाट्यावर पोहोचल्यावर पहिली नजर दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवतावर टाकावी. गवत आखूड आणि वरून घासल्यासारखे सपाट असेल, तर तेथून गाड्या नियमित जातात. ते गुडघाभर वाढून सरळ उभे असेल, तर बरेच दिवस कोणी गेलेले नाही आणि त्या गवतात दगड लपलेला असला तर तो गाडीच्या तळाला लागणार. चाकोऱ्यांमधील माती वितभर खोल दबलेली असेल, तर मधला उंचवटा कमी उंचीच्या मोटारीला अडकवेल. मातीत ठसे केवळ ट्रॅक्टरच्या आडव्या-तिरप्या जाड नक्षीचे असतील आणि मोटारीच्या बारीक नक्षीचा एकही ठसा नसेल, तर मोटारीने तेथे जाऊ नये. पायी शंभर पावले पुढे जाऊन पाहून यायला दोन-तीन मिनिटे लागतात, पण रुतलेली गाडी काढण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो.

कागदी भूरूप नकाशाचा आजही उपयोग होतो का?

होतो, विशेषतः डोंगराळ भागात. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. त्यावरील समोच्च रेषांवरून, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून, चढ किती आहे ते कळते. समजा, दोन रेषांमधील उंचीचा फरक २० मीटर आहे आणि नकाशावरील १ सेंटिमीटर अंतरात रस्ता अशा रेषांमधील पाच टप्पे चढतो. याचा अर्थ ५०० मीटरमध्ये १०० मीटर चढ, म्हणजेच पाचास एक. भरलेल्या गाडीसाठी किंवा मागे ट्रेलर जोडलेला असेल तर हा चढ फार तीव्र आहे. मोबाइलच्या साध्या नकाशावर हाच रस्ता सपाट रेघेसारखा दिसतो.

कमी अंतराचा मार्ग घ्यावा की मोठ्या रस्त्याचा?

अंतर न पाहता वेळ पाहावा आणि वेळ काढताना आतल्या रस्त्यावरील वेग प्रामाणिकपणे धरावा. उदाहरणार्थ, बंद रस्ता १२ किलोमीटरचा असून तो ताशी ५० किलोमीटर वेगाने सुमारे १४ मिनिटांत पार होत होता. आतून जाणारा पर्याय २० किलोमीटरचा आहे, पण वळणे, गतिरोधक आणि समोरून येणाऱ्या वाहनांना वाट देणे यामुळे सरासरी वेग २५ च्या वर जात नाही. त्याला ४८ मिनिटे लागतील. मोठ्या रस्त्याने ३६ किलोमीटरचा वळसा ताशी ५५ च्या वेगाने ३९ मिनिटांत संपेल. शिवाय रस्ता बंद झाल्यावर पहिल्या काही दिवसांत सगळेच आतल्या रस्त्याकडे वळतात आणि तेथील सरासरी आणखी घसरते. अनोळखी भागात माझा कल नेहमी मोठ्या रस्त्याकडेच असतो, दोन्ही वेळा सारख्याच निघाल्या तरीही.

प्रशासनाने ठरवलेला वळणमार्ग इतका लांब का असतो? जवळचे रस्ते असताना ते का सांगितले जात नाहीत?

वळणमार्ग ठरवताना बंद रस्त्यावरून जाणारे सर्वांत जड आणि सर्वांत लांब वाहनही त्यावरून सुरक्षित जाईल, हे पाहावे लागते. त्यासाठी पुलांची भारक्षमता, वळणांची त्रिज्या, रस्त्याची रुंदी आणि वरून जाणाऱ्या तारांची वा कमानींची उंची जुळावी लागते. जवळच्या छोट्या रस्त्यांवर यांतले काही ना काही कमी पडते.

छोट्या रस्त्यांवर जड वाहने न सोडण्यामागे आणखी एक ठोस कारण आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की रस्त्याची झीज आसावरील (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यावरील) भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावरील भार दुप्पट झाला की झीज सुमारे १६ पट होते, आणि १ टन भाराच्या आसाच्या तुलनेत १० टन भाराचा आस सुमारे १०,००० पट झीज करतो. गावातल्या पातळ थराच्या रस्त्यावर काही आठवडे मालवाहू वाहने गेली, तर तो रस्ता कायमचा उखडतो आणि मूळ रस्ता सुरू झाल्यावरही गावकऱ्यांना खड्ड्यांतून जावे लागते. म्हणून जड वाहनाच्या चालकाने ठरवलेला वळणमार्ग सोडू नये. हलक्या मोटारीने कायदेशीररीत्या खुल्या असलेल्या जवळच्या रस्त्याने जायला हरकत नसते, मात्र तेथे वेग कमी ठेवावा; ज्या घरांसमोरून एरवी दिवसाला दहा गाड्या जातात, तेथली मुले आणि जनावरे वाहतुकीला सरावलेली नसतात.

पर्यायी रस्त्यावर पाणी आले असेल तर?

मागे फिरावे. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते, ३० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाण्यात मोठ्या एसयूव्हीसुद्धा टिकत नाहीत. खोलीपेक्षाही मोठा धोका असा की पाण्याखालचा रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहून गेल्यावर डांबराचा वरचा थर जागच्या जागी राहतो, पण कडेचा भराव खालून निघून गेलेला असतो. चाक कडेला जाताच तो थर मोडतो.

पाणी ओसरल्यानंतरही कडेच्या झुडपांत व कुंपणाच्या तारांत अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते पाहावे. पाणी कोठवर चढले होते ते त्यावरून समजते आणि तो कचरा रस्त्याच्या पातळीच्या वर असेल, तर तो पूल तपासला जाईपर्यंत वापरू नये.

स्थानिक लोकांना नेमके काय विचारावे?

'हा रस्ता पुढे जातो का?' या प्रश्नाला बहुतेक वेळा 'हो' असे उत्तर मिळते, कारण तो खरोखरच पुढे जातो. पायी, दुचाकीने किंवा ट्रॅक्टरने. म्हणून आपले वाहन दाखवून विचारावे : 'ही गाडी जाईल का? आज किंवा काल तेथून अशी गाडी आलेली पाहिली का? मधे ओढा लागतो का आणि त्यावर पूल आहे का?' रोज प्रवासी किंवा माल वाहून नेणारे चालक याची सर्वांत नेमकी माहिती देतात. मिळालेले उत्तर थोडे पुढे गेल्यावर आणखी एकाला विचारून पडताळावे.

अरुंद रस्त्यावर समोरून वाहन आले तर?

ज्याला मागे जाणे सोपे आहे, त्याने मागे जावे, हे साधे तत्त्व आहे. चढावर मात्र वर येणाऱ्या वाहनाला वाट देण्याचा नियम बहुतेक ठिकाणी पाळला जातो. वाटेतल्या रुंद जागा जाता जाता हेरून ठेवाव्यात. पावसानंतर साइडपट्टीवर दोन्ही चाके उतरवू नयेत. एकपदरी रस्त्यावर वेग इतकाच ठेवावा की दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात गाडी थांबेल, कारण उरलेले निम्मे अंतर समोरच्याला थांबायला लागते.

रात्री पर्यायी मार्गाने जावे का?

ओळखीच्या किंवा मोठ्या रस्त्याने जावे. अनोळखी आतल्या रस्त्याने रात्री जाऊ नये, कारण गवत, चाकोऱ्या आणि काडीकचरा पाहून अंदाज बांधण्याची वर सांगितलेली एकही खूण दिव्यांच्या प्रकाशात नीट वाचता येत नाही.

इंधनाचा किंवा बॅटरीचा अंदाज कसा धरावा?

वळशाच्या अंतराला परत फिरावे लागल्यास लागणारे अंतर जोडावे आणि तेवढे इंधन जवळ असल्याशिवाय निघू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारीत चढाचा हिशोब वेगळा करावा लागतो : दीड टन वजनाची गाडी ५०० मीटर उंच चढवायला केवळ उंचीपोटीच सुमारे २ युनिट वीज लागते. उतारावर तिचा काही भाग परत मिळतो, पण आधी माथ्यापर्यंत पोहोचावे लागते.

रस्ता बंद असताना रुग्णवाहिका बोलवावी लागली तर?

पहिल्याच वाक्यात कोणता रस्ता कोठे बंद आहे ते सांगावे, आपण बंद जागेच्या कोणत्या बाजूला आहोत ते सांगावे आणि येण्याचा सुरू असलेला मार्ग गावांच्या नावांसह सांगावा. फोनमधील अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत दिले, तर स्थान साधारण ११ मीटरच्या आत कळते. शक्य असल्यास एका माणसाने शेवटच्या फाट्यावर दिवा घेऊन उभे राहावे. घरात आजारी किंवा वृद्ध माणसे असतील, तर ही माहिती रस्ता बंद झाल्याच्या दिवशीच लिहून फोनशेजारी लावून ठेवावी.

रस्ता किती दिवस बंद राहील, याचा अंदाज बांधता येतो का?

कारणावरून ढोबळ अंदाज येतो. पडलेले झाड काही तासांत हटते. डांबरीकरणाला काही दिवस पुरतात. दरडीचा ढिगारा लवकर उचलला गेला तरी वरचा उतार स्थिर आहे की नाही, हे तपासायला वेळ जातो. पुलाचा पाया खचला असेल, तर महिने धरून चालावे आणि रोजच्या कामाच्या वेळा त्याप्रमाणे बदलाव्यात.

रस्ता पुन्हा सुरू झाल्यावर काही पाहावे लागते का?

अ‍ॅपमध्ये 'बंद' अशी नोंद काही काळ तशीच राहू शकते आणि इतरांना विनाकारण वळशाने पाठवत राहते, म्हणून रस्ता सुरू झाल्याची नोंदही करावी. आपण मार्गात जोडलेला मधला थांबा आणि जतन केलेला वळसा काढून टाकावा. नव्या डांबरावर सुटी खडी असते, तिच्यावरून पहिले काही दिवस हळू जावे आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे.